‘मराठी माध्यमवाल्यांनी निबंध पाठ करावेत’: आयईएलटीएसच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच संदेश मला पाच-सहा जणांनी पाठवला. परदेशात शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांमध्ये तो फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मराठी माध्यमात शिकलेल्याला आयईएलटीएसमध्ये, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत, 6 च्या वर बँड (0 ते 9 मधली श्रेणी) मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे वीस निबंध आणि पाचशे भारी शब्द पाठ करा, बोलताना गोऱ्यांसारखा उच्चार काढा, उतारा वाचत बसू नका, प्रश्नातले शब्द शोधा. शेवटी ऐकणं, वाचन, लेखन आणि बोलणं या चार भागांची सरासरीच निघते, त्यामुळे एखादा भाग कच्चा राहिला तरी चालतं. एवढं केलं की पंधरा दिवस पुरतात.

मी मिरजेत इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीनं हा संदेश वाचून परीक्षेचा विचारच सोडून दिला होता, आणि एका मुलानं निबंधांची वही पाठ करायला घेतली होती. दोघंही मराठी शाळेतले, दोघंही हुशार. त्यांना तोंडी सांगितलं तेच इथं लिहिते.

‘मराठी माध्यमाला 6 च्या वर नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. लेखनाचे गुण चार निकषांवर मिळतात: विचारलेल्याचं उत्तर दिलंय का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दांत विविधता किती आणि ते किती नेमके आहेत, आणि व्याकरणात विविधता व अचूकपणा किती आहे. चारही निकषांना सारखंच वजन. बोलण्याच्या परीक्षेत ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार बघतात. ऐकणं आणि वाचन या भागांत चाळीस-चाळीस प्रश्न असतात, उत्तर एक तर बरोबर नाही तर चूक. साधारण 30 बरोबर आले की 7 बँड. शाळेचं माध्यम यात कुठंच येत नाही.

शिवाय महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आजचा बावीस वर्षांचा मुलगा बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. अडचण आहे, ती मी नाकारत नाही, पण ती वेगळी आहे. या बारा वर्षांत त्यानं इंग्रजी वाचलं आणि वहीत उतरवलं. कानावर फार थोडं पडलं आणि तोंडून त्याहून कमी आलं. धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर धड्यातूनच उचलायची सवय लागली. ही उणीव भरून निघते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. आणि एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघत आलेय: ज्याला मराठी अग्रलेख वाचून ‘लेखकाचं म्हणणं काय आणि त्यासाठी त्यानं आधार काय दिला’ हे सांगता येतं, त्याला इंग्रजी उताराही लवकर उलगडतो. वाचायची समज त्यानं आधीच कमावलेली असते. इंग्रजीत त्याला फक्त शब्द कमी पडतात.

‘वीस निबंध पाठ करा.’ यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पैसे घेऊन हाच सल्ला देणारे पुष्कळ आहेत.

लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात किमान 250 शब्दांत एका विधानावर मत मांडायचं असतं, आणि पहिल्या प्रश्नापेक्षा याला दुप्पट वजन असतं. विषय वाहतूक असला तरी प्रश्न वाहतुकीवर नसतो. शहराच्या मध्यभागी येणाऱ्या खाजगी गाड्यांवर शुल्क लावावं, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात, असा तो नेमका असतो. ‘वाहतूक आणि प्रदूषण’ हा निबंध पाठ असलेला मुलगा तोच ओततो. धूर येतो, दम्याचा त्रास होतो, झाडं लावावीत. शुल्काबद्दल एक ओळ नाही. पहिल्याच निकषावर, म्हणजे विचारलेल्याचं उत्तर देण्यावर, तो घसरतो आणि बाकीचं इंग्रजी निर्दोष असलं तरी तो गुण परत येत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे, लेखनाच्या जाहीर निकषांत 0 बँडसमोर असं लिहिलंय की उत्तर संपूर्ण पाठ केलेलं असल्याचा पुरावा असेल तर हा बँड द्यावा. हे निकष कुणालाही फुकट वाचता येतात. एवढं ठळक लिहिलेलं असताना मुलांना निबंध पाठ करायला लावणं मला फसवणूक वाटते. आणि पूर्ण निबंध सोडा, नुसती सुरुवात पाठ केली तरी परीक्षकाला ती कळते. ‘जागतिकीकरणाच्या या आधुनिक युगात’ छापाचं सफाईदार इंग्रजी वाक्य येतं आणि त्याच्याच खाली क्रियापद चुकलेलं वाक्य येतं. सांधा उघडा पडतो.

पाठांतराऐवजी काय करायचं? मी मुलांना चुकांची वही ठेवायला सांगते. आठवड्याला दोन निबंध, वेळ लावून. जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि प्रत्येक चूक वहीत लिहायची. पाच-सहा निबंध झाले की दिसतं, चुका शंभर नाहीत. त्याच आठ-दहा पुन्हा पुन्हा येतात. आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या मराठीतून आलेल्या असतात.

इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’ घ्या. मराठीत असले शब्दच नाहीत, त्यामुळे आपण ते एक तर गाळतो नाही तर कुठंही पेरतो. मी एक घरगुती कसोटी सांगते: मराठी वाक्यात नामाआधी ‘एक’ किंवा ‘एखादा’ बसत असेल तर ‘अ’, ‘तो’, ‘ती’, ‘मघाशी सांगितलेला’ बसत असेल तर ‘द’. गावात एक नदी आहे; ती नदी उन्हाळ्यात आटते. प्रत्येक ठिकाणी ही कसोटी लागू पडत नाही, पण निम्म्याहून जास्त चुका तिनं जातात. तसंच ‘पाच वर्षांपासून’. तो ‘पासून’ आपण ‘सिन्स’ करून टाकतो. तिथं ‘फॉर फाइव्ह इयर्स’ हवं. आपला ‘च’ हा ‘ओन्ली’ होऊन येतो: ‘त्यानंच सांगितलं’ याचं ‘ही ओन्ली टोल्ड’. आणि ‘त्यानं विचारलं, तू कुठं चाललास’ हे मराठीत जसंच्या तसं चालतं, इंग्रजी लिहिताना मात्र प्रश्नाची रचना मोडून सरळ करावी लागते. या चार चुका काढल्या तरी व्याकरणाच्या निकषात फरक दिसतो, आणि वीस निबंध घोकून यातली एकही चूक सुटत नाही.

संदेशात जाता जाता 400 शब्द लिहा असंही म्हटलंय. दोन्ही प्रश्नांना मिळून 60 मिनिटं असतात. जास्त लिहिण्याचे गुण नाहीत, आणि वाढीव दीडशे शब्दांसोबत वाढीव चुका येतात.

‘पाचशे भारी शब्द पाठ करा.’ कुणी परदेशी पाहुणा मराठी शिकून आपल्या घरी आला आणि म्हणाला, ‘मी प्रातःकाळी चहा प्राशन केला’, तर त्याचे शब्द चूक नाहीत. पण त्याला मराठी येतं असं आपण म्हणणार नाही. ‘सकाळी कडक चहा घेतला’ म्हणाला तर म्हणू. चहा कडक असतो, कठीण नसतो, हे त्याला कळलंय म्हणून. इंग्रजीतही शब्दाची संगत बघतात. ‘प्लेथोरा’ कुठंही ठोकून देणाऱ्यापेक्षा पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’ असतो हे माहीत असलेल्याला परीक्षक वर ठेवतो. म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, जोडी लिहा. ‘डिसिजन’ लिहिलात तर शेजारी ‘मेक’ लिहा, ‘रिस्क’ लिहिलात तर ‘टेक’.

‘गोऱ्यांसारखा उच्चार काढा.’ अजिबात नको. उच्चाराच्या निकषात तुमचं बोलणं विनासायास समजतं का, हे बघतात. तुमची लकब कुठली, हे नाही. 8 बँडच्या वर्णनातसुद्धा बोलण्याची लकब समजण्याच्या फारशी आड येत नाही, असंच म्हटलंय; लकब नसावी, असं म्हटलेलं नाही. उसन्या उच्चाराच्या नादात मुलांचा ओघ तुटतो, आणि ओघाला स्वतंत्र गुण आहेत.

मात्र अर्थ बदलून टाकणारे काही उच्चार सुधारायलाच हवेत. देवनागरीत परीक्षा आणि चव या दोन्हींसाठी आपण ‘टेस्ट’ असं एकच लिहितो. मिळवणं आणि फाटक, दोन्ही ‘गेट’. इंग्रजीत हे स्वर वेगळे आहेत, एक आखूड, एक लांब. तसाच आपला ‘व’. इंग्रजीतले दोन वेगळे ध्वनी तो एकट्यानं भागवतो. एकाला खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. आणि आघात. मराठीत आपण शब्दातली अक्षरं साधारण सारख्याच जोरानं म्हणतो. इंग्रजीत तेरा आणि तीस यांतला फरक बराचसा आघातावर असतो: ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला. हे बोलताना तर लागतंच, ऐकताना त्याहून जास्त लागतं. तिथं ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, बोलणारे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे कुठलेही असू शकतात, आणि खोली क्रमांक 13 ऐवजी 30 लिहिला की गुण गेला. स्पेलिंग चुकलं, अनेकवचनाचा शेवटचा ‘एस’ राहिला, दोन शब्दांत सांगितलेलं उत्तर तीन शब्दांत लिहिलं, तरी गेला.

बोलण्याच्या परीक्षेतली एक गोष्ट सांगायची राहील. दुसऱ्या टप्प्यात एक चिठ्ठी देतात, एक मिनिट विचाराला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला. सरावात मी त्या वही पाठ करणाऱ्या मुलाला विषय दिला: हातानं बनवलेली एखादी वस्तू. त्यानं ताजमहाल सुरू केला, कारण तो पाठ होता. चाळीस सेकंदांत संपला. मग मी विचारलं, अरे, तुझ्या गल्लीत काय बनतं? मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात, आणि तो त्याच गल्लीत वाढलेला. भोपळा कसा वाळवतात, कापतात, त्याला लाकडी गळा कसा जोडतात, नक्षी कोण करतं, तारा जुळवताना कारागीर कान कसा लावतो, असं तो अडखळत का होईना पण तीन मिनिटं बोलला. भोपळ्याला आणि गळ्याला इंग्रजी शब्द सापडेनात तेव्हा त्यानं वर्णन करून सांगितलं. शब्द अडला तर वळसा घालून अर्थ पोचवणं, याला परीक्षेत किंमत आहे.

‘उतारा वाचू नका, शब्द शोधा.’ प्रश्नात उताऱ्यातले शब्द बहुधा बदललेले असतात, आणि जिथं तेच शब्द दिसतात तिथं अनेकदा सापळा असतो. ‘बरोबर, चूक, माहिती दिलेली नाही’ या प्रश्नांत हे फार जाणवतं. समजा उताऱ्यात आहे: कारखाना 1950 मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षांनी तिथं पहिल्यांदा स्त्रिया कामाला लागल्या. विधान एक: कारखाना सुरू झाला तेव्हा तिथं स्त्रिया होत्या. हे चूक, कारण उतारा त्याच्या उलट सांगतो. विधान दोन: स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. आपल्याला जगाचा अनुभव आहे, त्यामुळे हात ‘बरोबर’कडे जातो. पण उतारा पगाराबद्दल बोललेलाच नाही. उत्तर ‘माहिती दिलेली नाही’. लेखक काय म्हणाला आणि आपल्याला काय वाटतं, यांतली रेघ ओढता यायला हवी, आणि ती नुसते शब्द शोधून ओढता येत नाही. प्रत्येक परिच्छेदाचं सार मराठीत एका ओळीत समासात लिहायचा सराव महिनाभर करा. मराठीतच करा.

‘सरासरी निघते, एक भाग कच्चा चालेल.’ ऐकणं 7.5, वाचन 7, लेखन 5.5, बोलणं 6 अशी बेरीज 26, सरासरी 6.5. आणि विद्यापीठाची अट ‘एकूण 6.5, कुठल्याही भागात 6 पेक्षा कमी नाही’ अशी असेल, जी सर्रास असते, तर लेखनापायी प्रवेश अडतो. संगणकावर परीक्षा दिली असेल तर 60 दिवसांच्या आत एकाच भागाची फेरपरीक्षा देता येते, पण ती सगळीकडे ग्राह्य नसते. पैसे भरण्याआधी विद्यापीठाला पत्र लिहून विचारा. बारावीच्या इंग्रजीचे गुण चालतात का, हेही त्याच पत्रात विचारा, कारण काही विद्यापीठं तेवढ्यावर परीक्षा माफ करतात.

‘पंधरा दिवस पुरतात.’ पंधरा दिवसांत परीक्षेचा साचा कळतो: किती प्रश्न, किती वेळ, उत्तर कुठं लिहायचं. ज्याचं इंग्रजी आधीच 7 चं आहे त्याला तेवढं पुरेल. पण युरोपीय भाषा-पातळ्यांच्या हिशेबात 5.5 ते 6.5 बँड ही एक पातळी आणि 7 ते 8 ही तिच्यावरची. एका पातळीवरून वरच्या पातळीवर जायला केंब्रिजच्या (ही परीक्षा चालवणाऱ्यांपैकी एक संस्था) अंदाजानं मार्गदर्शनाखालचे सुमारे 200 तास लागतात. रोज दोन तास धरले तर शंभर दिवस. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे तीन-चार महिने आधी सुरुवात करून परीक्षा देण्यात काही तोटा नाही.

परीक्षेचा विचार सोडून दिलेल्या त्या मुलीनं आता जानेवारीऐवजी मेमधली तारीख धरलीय. तिच्या चुकांच्या वहीत सध्या अकरा नोंदी आहेत. त्यातला ‘सिन्स’ गेल्या तीन निबंधांत आलेला नाही, म्हणून काल तिनं त्यावर काट मारली.