आधी शूटिंग, मग खून?

‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ या १९७४च्या अमेरिकन भयपटाबद्दलची ती पोस्ट पुन्हा फिरायला लागलीय. दावे तीन: ही टेक्ससमध्ये घडलेली सत्यघटना, हा सर्वांत रक्तबंबाळ सिनेमा, आणि स्लॅशर प्रकार, म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारत सुटतो तसले सिनेमे, इथूनच सुरू झाला.

सत्यघटनेचं आधी बघू. सुरुवातीलाच गंभीर आवाजातलं निवेदन येतं आणि तारीख कळते, १८ ऑगस्ट १९७३. आता गंमत बघा, दिग्दर्शक टोबी हूपरचं शूटिंग सुरू झालं त्याच वर्षीच्या जुलैत. हत्याकांड व्हायच्या महिनाभर आधी कॅमेरा लावून बसलेला दिग्दर्शक! मुळाशी खरा माणूस आहे, नाही असं नाही. एड गीन. पण तो विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफिल्डचा. १९५७ मध्ये पकडला गेला, दोन स्त्रियांच्या खुनाची कबुली दिली. थडगी उकरून त्याने प्रेतांच्या कातडीचे मुखवटे केले होते; सिनेमातला चेनसॉवाला खुनी लेदरफेस, त्याचा मुखवटा तिथून आला. चेनसॉ, नरभक्षक कुटुंब, व्हॅनमधून आलेली पोरं, हे सगळं रचलेलं. हिचकॉकच्या ‘सायको’मधला खुनी नॉर्मन बेट्स, त्याची प्रेरणाही हाच गीन. मग ‘सायको’लाही सत्यघटना म्हणायचं का?

रक्ताचा दावा मला जास्त खटकतो. असं लिहिणाऱ्याने सिनेमा एक तर पाहिलेला नसतो, किंवा डोळे मिटून पाहिलेला असतो (तेही समजू शकतो). हुकाचा प्रसंग घ्या. लेदरफेस त्या पोरांमधल्या पॅमला उचलून हुकाला टांगतो. हूक पाठीत शिरताना दिसतच नाही. दिसतो तिचा चेहरा, लोंबकळणारे पाय आणि खाली ठेवलेलं घमेलं. ते घमेलं कशासाठी, हे कळलं की बाकीचं आपणच मनात पूर्ण करतो आणि नंतर शपथेवर सांगतो, ‘मी जखम पाहिली!’ पोरांनाही बघता येईल, फक्त पालकांनी लक्ष ठेवावं, असं ‘पीजी’ प्रमाणपत्र मिळावं म्हणून हूपरने रक्त मुद्दाम आवरलं होतं. मिळालं मात्र ‘आर’, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. लेदरफेस पहिल्यांदा येतो तेव्हाही असंच: हातोड्याचा घाव, तडफडणारे पाय, आणि सरकतं लोखंडी दार धाडकन बंद. पुढे काय झालं ते दाराआड.

पहिला स्लॅशर? ‘ब्लॅक ख्रिसमस’ त्याच वर्षीचा, १९७४चा. इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा ‘अ बे ऑफ ब्लड’ तर १९७१चा, एकामागून एक मुडदे पाडणारा. पोस्ट वाचून रक्तासाठीच बसणार असाल तर तो लावा. हूपरकडे घमेलं रिकामंच मिळेल.