‘केमोनंच माणूस जातो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘पित्तनलिकेचा कॅन्सर पसरला की केमो घेऊ नका. दोन-दोन औषधं देतात, म्हणजे दुप्पट विष. आयुष्य एक दिवसानंही वाढत नाही. कावीळ उतरवून घ्या आणि पेशंटला घरी न्या.’

आयुष्य वाढत नाही, हे धडधडीत खोटं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये पित्ताशयाच्या कॅन्सरच्या, ऑपरेशन शक्य नसलेल्या ८१ पेशंटवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. (पित्ताशय आणि पित्तनलिका शेजारशेजारचे, आणि या टप्प्यावर केमोही बहुतेक तीच.) ज्यांना केमो न देता फक्त त्रास कमी करणारे उपचार दिले, त्यांच्यातले निम्मे साडेचार महिन्यांच्या आत गेले. जेमसायटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही केमोची दोन औषधं एकत्र मिळालेल्यांत हाच काळ साडेनऊ महिने होता. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ४१० पेशंटचा एबीसी-०२ अभ्यास आला. त्यात हाच काळ एकट्या जेमसायटाबिनवर ८.१ महिने होता, सोबत सिस्प्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध दिल्यावर ११.७. आजार यानं मुळापासून जात नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवं. पण मिळालेल्या महिन्यांना शून्य म्हणणं हा पेशंटवर अन्याय आहे.

‘दुप्पट विष’ हेही चूक. एबीसी-०२ अभ्यासात गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण जोडीवर ७०.७ टक्के आणि एका औषधावर ६८.८ टक्के होतं. त्रास कमी नाही, पण दुप्पटही नाही. पांढऱ्या पेशी मात्र जोडीनं जास्त उतरतात. इथं सिस्प्लॅटिनचा डोस एका वेळी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम असतो. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशनसोबत तेच औषध एकदम १००पर्यंत देतात. आधी-नंतर सलाईन लावतात ते किडनी सांभाळायला. कानात आवाज येऊ लागला किंवा बोटं बधिर झाली, तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगा.

झाडपाला-मंत्रानं कावीळ उतरवून घेण्याचा सल्ला सगळ्यात घातक. गाठीनं नळी दाबली की पित्त तुंबतं, म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. झाडपाल्यानं किंवा मंत्रानं दाबलेली नळी उघडत नाही. दुर्बिणीतून स्टेंट (नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकून किंवा पोटावरून नळी घालून पित्ताला वाट करून द्यावी लागते. रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) उतरलं की मग केमो. उतारा करण्यात आठवडे गेले, तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होतो. थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

‘घरी न्या’ यात थोडं तथ्य आहे. दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात जाणाऱ्या पेशंटला ही केमो सहसा झेपत नाही. तिथं मॉर्फिन आणि पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी काळजी) हाच योग्य उपचार. पण स्वतःच्या पायानं ओपीडीत चालत येणाऱ्याला एका फॉरवर्डच्या भरवशावर परत नेऊ नका. आता जेमसायटाबिन-सिस्प्लॅटिनच्या जोडीसोबत ड्युरव्हॅलुमॅब ही इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देतात; तिच्या अभ्यासात २ वर्षांनी हयात असलेले सुमारे २५ टक्के, नुसत्या जोडीवर सुमारे १०. ती महाग आहे, सगळ्यांना परवडणारी नाही. मूळ जोडी मात्र जेनेरिकमध्ये मिळते.