उपस्थितीचा स्क्रीनशॉट टाकावा म्हणे!

आज पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली. योग्यच केलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की आम्हा कोल्हापूरकरांचं लक्ष ४३ वर, म्हणजे धोका पातळीवर जातं. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला त्यापुढे काही सांगावं लागत नाही. पण सुट्टीचा मेसेज वाचून चहा गाळेपर्यंत शाळेच्या ग्रुपवर फर्मान हजर: ‘सर्व शिक्षकांनी वेळापत्रकानुसार ऑनलाईन तास घ्यावेत. उपस्थितीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा.’

वेळापत्रकानुसार! म्हणजे अकरा ते पाच पोरांनी बापाचा मोबाईल धरून बसायचं, एकामागून एक आठ तास. मधली सुट्टीपण ऑनलाईन घ्यायची का, असं टाईप केलं होतं. पुसलं. नोकरी आहे बाबा.

घेतला तास. नववीचं बीजगणित. वर्ग साठ-पासष्टचा, स्क्रीनवर वीसेक रंगीत गोल आणि त्यात आद्याक्षरं. कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू. ‘समजलं का?’ विचारलं, तीन अंगठे आले. कुणाला काय समजलं, देव जाणे. स्क्रीनशॉट काढून टाकला, त्यावर ‘छान मॅडम’ आलं. स्क्रीनशॉट छान आला होता, एवढं खरं.

आता खाली कुणीतरी लिहिणारच, ‘ऑनलाईन म्हणजे नुसता फार्स हो.’ थांबा जरा. मी तसं म्हणत नाहीये. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ऑनलाईन चांगलं शिकवता येतं, मी शिकवलंय, आणि तरीही दर वेळी आपल्याला तोच फार्स करायला लावतात, याचा राग आहे.

२०२० च्या पावसाळ्यातली, कोरोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आपण तिला सुमन म्हणू. शाहूवाडीच्या आतल्या एका वाडीतली. घरात मोबाईल एकच, तो वडिलांकडे, आणि वडील दुधाच्या टेम्पोवर. दिवसा ती एकाही तासाला नाही. आमच्या हजेरीच्या तक्त्यात तिच्यापुढे ओळीने गैरहजर, गैरहजर. पण रात्री वडील घरी आले की तिच्या वहीचा फोटो यायचा. पिवळ्या बल्बखाली काढलेला, निम्मी सावली, कोपऱ्यात अंगठा. एकदा फोटोच्या आधी वडिलांचाच आवाज आला, ‘मॅडम, पोरगी जागीच हाय, तुमी तपासा निवांत.’

तर त्या वहीत मला दिसलं की सुमन प्रत्येक गणितात एकाच जागी अडखळतेय. कंसाबाहेर उणे तीन, आत एक्स वजा चार. कंस सोडवला की शेवटी अधिक बारा यायला हवं, हिच्याकडे उणे बारा. पुढची रीत चोख, अक्षर सुरेख, उत्तर चूक. कंसाबाहेरचं उणे चिन्ह फक्त पहिल्या पदापुरतं असतं, असा तिचा पक्का समज होता. मी तिला मिनिटभराचा व्हॉईस मेसेज पाठवला आणि तसलीच पाच गणितं दिली. दुसऱ्या रात्री पाचातली चार बरोबर. पाचव्यात खाडाखोड होती, आणि मला ती खाडाखोड चार बरोबर उत्तरांपेक्षा जास्त आवडली, कारण तिथे पोरगी थांबून विचार करत होती.

हीच सुमन वर्गात असती तर? मागच्या बाकावर गप्प बसली असती. मी फळ्यावर गणित सोडवून ‘समजलं का?’ विचारलं असतं, वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणाला असता आणि त्या ‘हो’मध्ये सुमनचा आवाजही मिसळला असता. खरं शिकवणं फळ्यापाशी होतच नाही. ते बाकांच्या मधल्या बोळात होतं, वह्यांत डोकावत फिरताना. साठ पोरांच्या वर्गात पस्तीस मिनिटांत तुम्ही किती वह्यांत डोकावणार? शिक्षक मित्रमैत्रिणींनो, खरं सांगा.

माझं म्हणणं एवढंच आहे. वर्गातली जी गोष्ट ऑनलाईन न्यायला हवी होती ती म्हणजे हे वहीत डोकावणं. आपण नेलं काय? हजेरी, घंटा आणि भाषण. बैलगाडीला स्टिअरिंग लावलं आणि मोटार झाली म्हणून नारळ फोडला.

आणि यात शोध लावण्यासारखं काही नाही, हे तर जास्तच चीड आणतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घरी शिकणाऱ्या माणसासाठी पुस्तक वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं, त्याच्याकडून स्वाध्याय लिहून घ्यावे लागतात, अधूनमधून संपर्कसत्राला बोलवावं लागतं, हे त्यांच्याकडे झूम नव्हतं तेव्हापासून चालू आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांतही व्हिडिओच्या जोडीला वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा असते. नुसतं बोलणारं डोकं दाखवून भागत नाही, हे कागदावर सगळ्यांना मान्य आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यांनी वापरलेले, मोबाईलने स्कॅन केले की धडा उघडणारे क्यूआर कोड आज पाठ्यपुस्तकांत छापलेले आहेत. त्यातली खरी मेख कुणी बघितली? तो धडा पोराला हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा बघता येतो. सुमनच्या घरी फोन रात्री नऊला येतो, तर रात्री नऊला. अकराच्या ठोक्याला हजर राहा, असं तो कोड म्हणत नाही.

मग करायचं काय, तर मी त्या वर्षी शेवटी शेवटी जे करत होते ते. नवा भाग समजावून सांगायचा तो सात-आठ मिनिटांत रेकॉर्ड करून आधीच पाठवायचा. रव्याचा आणि साखरेचा डबा, वर फ्रिजमधली जाळी, जाळीवर कॅमेरा खाली करून मोबाईल, त्याखाली माझा हात आणि वही. माझा चेहरा बघून कुणाला बीजगणित येणार नाही. प्रत्यक्ष बोलायचं ते आठ-दहा पोरांशी, वीस मिनिटं, तेही त्यांना फोन मिळेल त्या वेळी. प्रश्न टाकला की सगळ्यांनी उत्तर टाईप करून ठेवायचं, पण मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत पाठवायचं नाही. मग सगळी उत्तरं एकदम येतात, हुशार पोराचं बघून लिहायला वाव राहत नाही आणि चूक कुठे आहे ते दोन सेकंदांत डोळ्यांपुढे येतं. हे वर्गात जमत नाही बरं का! वर्गात पहिल्या बाकावरचा हात वर गेला की बाकीचे विचार करणं सोडून देतात. आणि शेवटी वहीचा फोटो. त्याला उत्तर म्हणून लाल रेघ मारायची नाही, त्या एका चुकीवर बोलायचं आणि तसलंच गणित परत सोडवायला लावायचं.

मान्य, याला वेळ लागतो. रात्रीचे माझे दोन तास त्यात जायचे, घरचे वैतागायचे. म्हणून तर म्हणते, पोरांना आठ तास स्क्रीनसमोर बसवण्यापेक्षा शिक्षकाला त्यातले चार तास वह्या बघायला द्या. पगार तोच, पाऊस तोच.

आणि हो, शाळा ती शाळा, हेही मान्य. पोषण आहार मोबाईलमधून देता येत नाही, कबड्डी खेळता येत नाही, पहिली-दुसरीच्या पोराचा हात धरून ‘अ’ गिरवून घेता येत नाही. सुमनच्या वाडीत रेंजसाठी पोरं टेकावर जाऊन बसायची, तेही मी विसरलेले नाही. शाळा उघडल्यावर मला जो आनंद झाला होता तो कुठल्या ॲपने कधी दिला नाही. पण शाळा बंद असेल त्या दिवसाचं बोलतेय मी. आणि आमच्याकडे असे दिवस दर पावसाळ्यात येणार आहेत.

मॅनेजमेंटलाही वर काहीतरी पाठवावं लागत असेल, कळतं मला. वरचे त्यांना विचारणार, ते आम्हाला विचारणार. पण मग विचारा ना, ‘आज किती वह्या बघितल्या? कोण कुठे अडकलंय?’ हे विचारायला कुणाच्या बापाचं काय जातंय? गेल्या वर्षी आमच्याकडे भिंतीएवढा डिजिटल बोर्ड बसवला, फीत कापली, पेढे वाटले. चांगला आहे बोर्ड. पण सुमनची चूक त्याने पकडली नसती.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. सुमन दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. ते माझ्यामुळे असं मी म्हणत नाही, पोरगी मुळातच चिकाटीची. गेल्या दिवाळीत वडिलांसोबत घरी आली होती. बीएस्सी करतेय, गणित घेऊन. वडील म्हणाले, ‘त्या टायमाला तुमच्या मेसेजनं आमच्या घरात समद्यांना कंस आला बघा.’ टेम्पोवाला माणूस, रोज रात्री लेकीच्या शेजारी बसून माझा व्हॉईस मेसेज ऐकत होता!

उद्याही सुट्टी आहे, असं दिसतंय. मी दहा-दहाचे गट पाडलेत, ज्याला जसा फोन मिळेल तशा वेळा दिल्यात. तक्त्यात ते कसं भरायचं ते भरणारे बघतील.

माझ्या यादीतल्या पालकांना मात्र एक विनंती. रात्री अर्धा तास पोराच्या हातात फोन द्या आणि गणित सोडवताना तेवढं लांब बसा. उत्तर सांगू नका, खोडून तर अजिबात देऊ नका. चुका मला बघायच्या असतात हो! आज संध्याकाळी आलेल्या फोटोंतल्या दोन वह्यांत आयांचं अक्षर आहे, आणि त्यातल्या एकीने भागाकारही चुकवलाय.