शाळेतला झाडू कुणाच्या हातात?

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो. नवी बॅच आली की सुरुवातीचे दिवस कानस मारण्यात जातात. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, ट्रायस्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून उजेडासमोर धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड येतात, पोरं कुरकुरतात, पण हळूहळू हात बसतो. पोरं हुशार आहेत. घोडं अडतं ते सुट्टीच्या आधी, बेंचवरचा चुरा झाडायची वेळ आली की. "सर, झाडायला मावशी नाहीत का?" हे दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

मला त्या पोराचा राग येत नाही. दहावीपर्यंत शाळेनं त्याला हेच शिकवलंय. मूल्यशिक्षणाच्या तासाला त्यानं श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिला. कार्यानुभवाच्या तासाला मात्र गणिताचा राहिलेला भाग उरकला गेला आणि वर्षाच्या शेवटी आईनं रात्री जागून केलेल्या तोरणावर त्याला अ श्रेणी मिळाली. पोरगं काय शिकलं? काम दुसऱ्यानं करायचं, मार्क आपण घ्यायचे.

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, स्वयंपाकाला हात लावायची, शेतात राबायची. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मला त्या वसतिगृहाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी की तिथं समतेचा वेगळा तास नव्हता आणि कामाचं वेगळं प्रशिक्षणही नव्हतं. ज्याच्या हातची भाकरी खायची, त्याची जात मनात धरून कसं चालेल? आणि भाकरी कच्ची राहिली तर पंगत उपाशी, म्हणजे काम नीट करणं आलंच. 'कमवा आणि शिका' हे आज कॉलेजच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य झालंय. तेव्हा त्यावर पोरांचं शिक्षण उभं होतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शाळेत काम द्या म्हणताना, ते कुणाला देता हे आधी बघावं लागतं. ठरावीक वस्तीतल्या मुलांनीच संडास धुवायचे, मुलींनीच वर्ग झाडायचे आणि सरपंचाच्या पोरानं पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा, असं असेल तर ती शाळा जातच शिकवते, तीही रोज आणि पक्की. तसल्या कामापेक्षा काम नसलेलं बरं. साताऱ्यात ते साधलं कारण तिथं कुणालाच सूट नव्हती.

म्हणून मुलांच्या हातात झाडू असलेला व्हिडिओ फिरायला लागला की मी लगेच शाळेला शिव्या घालत नाही. बाकीची मुलं कुठं आहेत? गुरुजी कुठं आहेत? पाळी ठरलेली आहे का? याची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या व्हिडिओवरून काही कळत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे, दहा दिवस दप्तराविना शाळाही आहे. चांगलं आहे. पण ते दहा दिवस सहलीसारखे उरकले आणि फोटो ग्रुपवर टाकले, तर पुन्हा तोरणाचीच गोष्ट. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं वेल्डिंग, शेती, वायरिंग शिकतात ती गावाला उपयोगी पडणारी कामं करत. गावानं वापरायचं काम असेल तर त्यावर खोटी श्रेणी देता येत नाही.

पालकांना हात जोडून सांगतो, शाळेच्या पुढच्या सभेत निकालाच्या टक्क्यांबरोबर कामाच्या पाळ्यांची यादीही मागा. आपल्या मुलाचं नाव त्यात नसेल तर घालायला लावा. मुलगा असेल तर भांडी घासण्याच्या पाळीत, मुलगी असेल तर पंप आणि फ्यूज बघण्याच्या पाळीत. शिक्षकांचीही नावं त्यात हवीत. आणि पाळ्यांची यादीच नाही असं कळलं, तर ती करून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.