तात्पुरती ताडपत्री

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्यामुळे येथे छपराच्या दुरुस्तीचा विषय पाऊस पडत असतानाच निघतो आणि पाऊस थांबला की कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेसारखा मागे पडतो. जूनमध्ये दोन-चार सरी येतात, भजी होतात आणि मग ढग नुसते हजेरी लावून निघून जातात. खरा जोर सप्टेंबरात, आणि तोही बहुधा अंथरुणे घालून झाल्यावर.

आमच्या मागच्या खोलीवर पत्रा आहे. तो गळतो यात पावसाचा दोष नाही, सगळा दोष उन्हाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. 10 फुटी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापापर्यंत जेमतेम एक-दीड मिलिमीटर लांबतो, पण उन्हाळाभर रोज लांबून आणि आखडून तो बोल्टची भोके ऐसपैस करून घेतो आणि वॉशर तडकवून टाकतो. पुढे पाणी या भोकातून शिरते, आडव्या पाइपाच्या कडेने निवांत प्रवास करते आणि टपकते भलतीकडेच. त्यामुळे बादलीच्या बरोबर वर चढून पाहावे, तर पत्रा निर्दोष असतो. एका रात्री आईने गळतीखाली जुनी सोलापुरी चादर अंथरली. ती किती पाणी पिते, हे ती धुणाऱ्यांनाच ठाऊक. सकाळी ती पिळायला दोन माणसे लागली.

ताडपत्री घ्यायला गेलो, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, “मालक, कांद्यावर टाकायची का घरावर?” येथील बाजार समितीतील कांद्याची आवक पाहता ताडपत्रीचा पहिला मान कांद्याचा, हे मुकाट्याने मान्य करावे लागले. घरावर म्हटल्यावर त्याने जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन याचा, हिशेब सांगून पातळ माल बाजूला सारला. “ही पावसात टिकंल, पण आपल्या उन्हाचं मी सांगत नाही,” हे मात्र त्याने पैसे घेतल्यानंतर सांगितले.

ताडपत्री चढवताना गल्लीतील प्रत्येक गृहस्थ स्थापत्यविशारद होतो. चढलो होतो मी एकटा आणि तेही ओसरीच्या सावलीतून येणाऱ्या सूचनांवर. त्यांतील दोनच खऱ्या कामाच्या होत्या. एक, पाय बोल्टच्या रांगेवरच ठेवावा, कारण तेथे खाली पाइपाचा आधार असतो. दुसरी, ताडपत्रीची वरची कड आढ्यापलीकडे न्यावी, नाहीतर पाणी तिच्याखालून शिरते आणि आपण गळतीवरच पांघरूण घालून बसतो. बाकी सूचना विटांविषयी होत्या. शेजारच्या काकांचा विटांवर अढळ विश्वास आहे, पण वारा ताडपत्रीखाली शिरला की वीट आपण होऊन जागा सोडते आणि कोणाच्या तरी अंगणात उतरते. म्हणून कडांच्या रिंगांतून नायलॉनची दोरी ओवून खालच्या लोखंडी खांबांना ताणून बांधली. मध्ये झोळ राहू दिला नाही, कारण झोळात पाणी साठते आणि त्या वजनाने ताडपत्री फाटते. त्या रात्री पाऊस पडला आणि बादली कोरडी राहिली. वडिलांनी मात्र ती सकाळपर्यंत हलवू दिली नाही.

दिवाळीनंतर ऊन स्वच्छ पडले, तेव्हा काका आले. “आता कुठला पाऊस? शेंगा वाळवायला द्या की ती.” ताडपत्री उतरली आणि सप्टेंबरभर न सापडलेली सगळी भोके खोलीच्या जमिनीवर लख्ख कवडशांच्या रूपाने हजर झाली. वडिलांनी लगेच काठीला खडू बांधून छताच्या आतून प्रत्येक भोकाभोवती गोल काढला आणि मी पत्रेवाल्याला बोलावून आणले. त्याने मान वर करून ते गोल नीट पाहिले, कामाची तारीफ केली आणि म्हणाला, “पाऊस तर गेला मालक, आता घाई काय?”