मंदारचं माकड

मंदारने कुठल्याशा ॲपवर पैसे भरून, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पंचांगाप्रमाणे म्हणे, स्वतःचा ‘माया दिवस’ काढून घेतला होता. निघालं माकड, तेही निळं. “सर्जनशील, खेळकर, नियम न जुमानणारा,” त्याने मोबाईलवरून वाचून दाखवलं.

“नियम न जुमानणारा? तू पिवळ्या दिव्यालाच गाडी बंद करतोस,” सुन्या म्हणाला. “आधी राशी, मग टॅरो, आता माया. सगळे एकाच माळेचे मणी.”

अनघा स्पॅनिश शिकवते आणि ग्वाटेमालाचा विषय निघाला की तिचा चहा गार होतो. “माकड आहे त्यांच्यात. बात्स. पण निळंबिळं काही नाही,” ती म्हणाली. “तिथल्या किचे माया लोकांकडे दिवसांची वीस नावं आहेत आणि एक ते तेरा आकडे. दोन्ही एकदमच पुढे सरकतात. आज १ बात्स, तर उद्या २ ए, परवा ३ आह. तोच आकडा त्याच नावाला पुन्हा भेटायला २६० दिवस लागतात.”

“म्हणजे तिथी आणि वार,” बापू म्हणाले. “चतुर्थी मंगळवारी आली की अंगारकी, तसं.”

“तसंच, बापू. फक्त तुमची तिथी चंद्रावर चालते. यांच्या २६०ला आकाशातलं असं सरळ कारण नाही. तिथल्या बायाबापड्यांना विचारलंत तर सांगतील, बाळ पोटात राहतं तेवढे दिवस. काही अभ्यासक १५ अक्षांशाकडे बोट दाखवतात. तिथे सूर्य मेच्या सुरुवातीला बरोबर डोक्यावर येतो, पुन्हा ऑगस्टच्या मध्याला. त्या ऑगस्टपासून पुढच्या मेपर्यंत साधारण २६० दिवस.”

“आपलं काणकोणही पंधरावरच,” बापू म्हणाले. त्यांना शून्य सावलीचं वेड आहे; दर मे महिन्यात गच्चीवर काठी रोवून बसतात. “पण ऑगस्टमधली सावली गोव्यात कोण बघणार? पावसात सूर्यच दिसत नाही.”

मंदारचा जीव अजून माकडातच होता. “पण माझ्या स्वभावाचं काय?”

“जन्मदिवसावरून स्वभाव तेही सांगतात,” अनघा म्हणाली. “पण मुख्य प्रश्न तो नसतो. आज कोणता दिवस आहे आणि त्याचं आपल्याकडे काय येणं आहे, हा असतो. तोह नावाचा दिवस आला की देणं फेडायचं, देवाचं आणि माणसांचंही. आहमाकला माफी मागायची, जिवंत माणसांची आणि गेलेल्यांचीसुद्धा. अकबालला मुलीकडे मागणी घालायला जावं. त्सी म्हणजे कुत्रा, तो न्यायनिवाड्याचा दिवस. शिवाय आकडा बघायचा. एक म्हणजे कोवळा, तेरा झेपणार नाही इतका जोरकस, सात-आठ-नऊ बेताचे. म्हणून मोठा सण ८ बात्सला.”

तो सण मोमोस्तेनांगो नावाच्या डोंगराळ गावात होतो. घोंगड्यांसाठी नाव असलेलं गाव. वेदी म्हणजे फुटक्या मडक्यांच्या खापरांचे ढीग. त्यांच्यासमोर कोपाल नावाचा राळेसारखा धूप जळत असतो आणि नवे आहकीह, म्हणजे दिवसांचे राखणदार, दीक्षा घेतात. यांच्याजवळ लाल बियांची पिशवी असते, आपल्या पांगाऱ्याच्याच जातकुळीतल्या झाडाच्या. प्रश्न घेऊन कुणी आलं की मूठभर बिया काढायच्या, चार-चारच्या ढिगाऱ्या मांडायच्या आणि एकेका ढिगारीवर बोट ठेवत दिवसांची नावं मोजत जायचं. शेवटच्या ढिगारीवर जो दिवस येईल, त्याच्याशी बोलायचं. दिवसाशी असं बोलणं मला तरी ॲपवरच्या तीन विशेषणांपेक्षा फार पुढचं वाटलं.

सुन्याला नाही वाटलं. “बिया मांडून भविष्य! आणि हेच ना ते, २०१२ला जग बुडवणारे?”

“जग बुडणार हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. २१ डिसेंबरला एक मोठी मोजणी पूर्ण होत होती. लांबचा काळ मोजायचं ते खातं वेगळं. या २६०च्या हिशोबात ८ बात्स त्याआधी नऊ दिवस, १२ डिसेंबरलाच होऊन गेला होता.” अनघाने मंदारचा मोबाईल ओढून घेतला. “आता तुझ्या ॲपची गंमत बघ. २१ डिसेंबर २०१२ हा मोमोस्तेनांगोत ४ आहपू. या ॲपमध्ये ‘निळा हात’, आकडा १२. कारण होसे अर्ग्वेयेस नावाच्या अमेरिकन माणसाने स्वतःची नवी पद्धत काढली. त्यात २९ फेब्रुवारी मोजतच नाहीत. दर लीप वर्षी एक दिवस गळतो.”

“२९ फेब्रुवारी मोजत नाहीत?” बापूंना खरंच धक्का बसला. “मग त्या दिवशी सूर्य उगवत नाही का?”

मंदारची जन्मतारीख १८ जून १९८२. अनघाने वहीत बराच वेळ मोजलं. १ आहमाक.

“माफीवाला!” सुन्या खूश झाला. “हे मात्र पटलं.”

मग तो पुन्हा मूळपदावर आला. असल्या गोष्टींना आपण कायदा करून आळा घातला, तिथेही घालायला हवा, वगैरे. अनघा या वेळी चिडली. “तिथे काय झालं माहीत आहे? जून २०२०मध्ये पेतेन भागात डोमिंगो चोक या माया वैदूला गावातल्या लोकांनी जिवंत जाळलं. आरोप काय, तर चेटूक करतो. झाडपाल्याचं ज्ञान असलेला माणूस, विद्यापीठातले संशोधक त्याच्याबरोबर काम करायचे. १९६० ते १९९६च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुतेक माया. त्यातूनही ही मोजणी राहिली. सान बार्तोलो या प्राचीन माया ठिकाणी भिंतीच्या तुकड्यावर ‘७ हरिण’ लिहिलेलं सापडलंय, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. तिथला केह आजही हरिणाचाच दिवस आहे.”

“टिकलं म्हणून खरं ठरत नाही,” सुन्या म्हणाला. मुद्दा बिनतोड होता, आणि अनघानेही तो खोडला नाही.

“खरं-खोटं बाजूला ठेव,” बापू म्हणाले. “तिथले लोक पैसे घेऊन परक्यांना दिवस सांगतात की नाही?”

“आतित्लान तळ्याकाठी सांगतात की. पर्यटक रांगा लावतात.”

“म्हणजे पैसे त्यांना गेले तर चालतं,” सुन्याने पकडलं.

“चालतं. ते निदान २९ फेब्रुवारी मोजतात.”