रेल्वेच्या आधीचं ब्रायटन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरावरचा लेख आवडला, पण त्यातलं 'कोळ्यांच्या ब्रायटनचं शहर केलं ते १८४१ च्या रेल्वेनं' हे विधान घाईचं वाटलं. १७०३ आणि १७०५ च्या वादळांत समुद्रालगतची खालची वस्ती उद्ध्वस्त झाली, गाव पार खंगलं. ते सावरायला मोठा हातभार लागला डॉ. रिचर्ड रसेल यांचा. समुद्रस्नान करा आणि ते पाणी प्यासुद्धा, असा त्यांचा उपचार (प्यायचं!). १७८३ पासून इंग्लंडचा युवराज (पुढचा राजा चौथा जॉर्ज) येऊ लागला, मागोमाग पैसेवाले. १८०१ मध्ये लोकसंख्या सुमारे ७ हजार होती, १८४१ मध्ये ४६ हजारांवर. म्हणजे एवढी वाढ लंडनची गाडी सुरू व्हायच्या आधीचीच. रेल्वेनं आणला तो एका दिवसाच्या सहलीला येणारा साधा माणूस, आणि पुढे लंडनला रोज ये-जा करणारा नोकरदार.

कोळ्यांचं काय झालं यावर मात्र लेखात एक ओळही नाही. 'स्टीन' या मोकळ्या गवताळ जागेवर ते जाळी वाळत घालत. पाहुण्यांना तिथे फेरफटका मारायचा होता, म्हणून कठडे लागले आणि जाळी हटली. आता तिथे बाग आहे, फोटोंत छान दिसते.